तारेवरची घोंगडी

आमच्या घरात तारेवर कपडे वाळत घालायला बंदी होती. वडूजच्या पुढं माळावर आमचं गाव, तिथं दुसरं काही नसलं तरी ऊन मुबलक. त्यामुळं आईचं काही अडायचं नाही. गोठ्याच्या भिंतीवर, कडब्याच्या गंजीवर, नाहीतर दोन मेढींवर आडव्या टाकलेल्या वेळूवर ती कपडे वाळवायची. आमच्याकडं टीव्ही आला तेव्हा अँटेनाच्या ताणाच्या तारेवर तिनं सहज एक टॉवेल टाकला. आबा, म्हणजे माझे वडील, जेवत होते. ते ताटावरून उठले, टॉवेल काढला, घडी करून तिच्या हातात दिला आणि परत ताटावर बसले नाहीत. आई पुढं कित्येक दिवस म्हणायची, फौजेत माणूस शहाणा होऊन येतो म्हणतात, आमचं उलटंच झालं.

आणखी दोन गोष्टी आमच्या घरात जगाहून वेगळ्या होत्या. आबा सैन्यात बिनतारी संचावर होते, तरी घरात रेडिओ नव्हता. आणि आमची मूळची मेंढरांची घरवट, चुलत्याच्या वाड्यावर अजून मेंढरं आहेत, तरी आमच्या घरात एकही घोंगडी नव्हती. पाहुण्यांना सोलापुरी चादर मिळायची. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आम्हा कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. माणूस रोज जे बघतो त्याबद्दल त्याला प्रश्न पडत नाही, आणि हे मी विज्ञान शिकवणारी बाई म्हणून सांगते.

मी साताऱ्यात शाळेत शिकवते. मागं लडाखच्या आभाळात तांबडा उजेड दिसला आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं की मुलं विचारताहेत, तुम्ही सूर्यावर तासभर बोला. मी हो म्हटलं आणि घरी येऊन लक्षात आलं की सूर्याबद्दल मला पाठ्यपुस्तकापलीकडं काडीचं माहीत नाही. मग वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यात अशी अडकले की दोनदा दूध उतू गेलं. रोज डोक्यावर येणाऱ्या या माणसाची आपण कधी साधी चौकशीसुद्धा केली नाही, याचं मला फार नवल वाटलं.

सुट्टीला गावी गेले तेव्हा बोलण्याची तालीम आबांसमोरच करायची ठरवली. ऐकायला त्यांच्याइतका शांत माणूस नाही. बरोबर नेलेली दुर्बीण उन्हाकडं तोंड करून खुर्चीला बांधली. तिच्यातून सूर्याकडं बघायचं नाही, डोळा जाईल, असं आईला दहादा बजावलं. मागं जुन्या कॅलेंडरचं पान पालथं धरलं. पांढऱ्या पानावर सूर्याचा भाकरीएवढा गोल उमटला आणि त्यात दोन-तीन काळे ठिपके. आबांनी पुढं होऊन एक ठिपका अंगठ्यानं पुसला. तो त्यांच्या अंगठ्यावर आला. माशीची घाण वाटली होती त्यांना.

तो डाग खुद्द सूर्यावरचा आहे म्हटल्यावर ते खाली मांडी घालून बसले. मग मी सांगत गेले. सूर्य काही दगडासारखा घट्ट नाही. तापलेल्या वायूचा गोळा तो, कमरेला भराभर फिरतो आणि डोक्याशी आणि पायाशी सावकाश. त्याच्या पोटात चुंबकाचा जोर आहे, त्याच्या रेषा या कमीजास्त फिरण्यात ओढल्या जातात आणि त्यांना पीळ पडतो. जिथं हा पिळाचा गुंता वर येतो तिथं आतली धग नीट वर पोचत नाही, म्हणून तो भाग थंड राहतो आणि काळा दिसतो. थंड म्हणजे काय, तर लोखंडाची वाफ होईल इतका थंड.

"चातीवर सूत जास्ती पिळलं की आढी पडत्या, तसं," आबा म्हणाले.

लहानपणी मेंढरांमागं हिंडताना ते हातातल्या चातीवर, म्हणजे टकळीवर, लोकरीचं सूत काढायचे, आणि पीळ जास्त झाला की सुताला वेटोळं पडायचं ती आढी. मी पुस्तकांतून चार दिवस शोधत होते ते उदाहरण त्यांना बसल्या जागी सापडलं होतं, आणि मी ते तासाला वापरायचं म्हणून लगेच उचललं. पुढचंही त्यातच बसत होतं. पीळ अती झाला की रेषा तुटतात, पुन्हा वेगळ्या जुळतात आणि साठलेला जोर एकदम सुटतो. ती सौरज्वाला. हे डाग काही वर्षं वाढत जातात, मग कमी होतात, साधारण अकरा वर्षांची पाळी असते. डाग जास्त तेव्हा ज्वालाही जास्त. लडाखचा तांबडा उजेड हे त्यानंतरचं काम. सूर्यानं फेकलेला तापला वायू इथं यायला एक-दोन दिवस घेतो आणि मग रात्री आभाळ रंगतं. पण ज्वालेचे क्ष-किरण उजेडाबरोबरच, आठ मिनिटांत येतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला कळत नाहीत. वरची हवा ते अडवते. तेवढ्या वेळात फक्त लघुलहरींचे रेडिओ बंद पडतात.

आबांनी मान वर केली. "रेडू बंद पडतो? दिवसा?"

दिवसाच, म्हटलं. ज्या बाजूला ऊन असेल त्या बाजूलाच. लघुलहरी वर उंच जाऊन तिथल्या थरावर आपटून लांब जाऊन पडतात. ज्वाला झाली की त्याच्या खालचा एक थर दाट होतो आणि येता-जाता सगळा आवाज गिळतो. घटकाभरानं, कधी जास्त वेळानं, सगळं आपोआप पूर्ववत होतं.

ते बराच वेळ कॅलेंडरच्या पानाकडं बघत बसले. सूर्य सरकून गोल पानाच्या काठावर गेला होता. आईनं जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

हिमालयातल्या एका उंच चौकीवर ते संच सांभाळायचे. खालच्या तळावरून हवामानाचा निरोप यायचा, तो पुढं गस्तीवर गेलेल्या टोळीला द्यायचा, हे त्यांचं काम. त्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं. गावाहून नेलेली घोंगडी रात्रीच्या बर्फानं भिजली होती. आमच्या आजीनं स्वतः काठ शिवून दिलेली काळी घोंगडी. आबांनी ती वाळायला टाकली, कुठं, तर संचाच्या एरियलच्या तारेवर. मेंढपाळाच्या पोराला आडवी तार दिसली की घोंगडी टाकायची बुद्धी होणारच. घटकाभरात संच मुका झाला. खालचं येईना आणि वरचं लागेना. साहेब बाहेर आले आणि त्यांना तारेवर ओली घोंगडी दिसली. त्यांनी ती ओढून शेजारच्या खडकावर फेकली. तरी आवाज येईना, तेव्हा ते म्हणाले, तार भिजली आहे, वाळेपर्यंत बोंबल. आणि झालंही तसंच. ऊन उतरत गेलं तसा आवाज हळूहळू परत आला. खालच्या तळानं पहिला निरोप दिला तो हवा बिघडते आहे, टोळी मागं घ्या, असा. एव्हाना वर ढग आले होते.

टोळी अंधार पडता पडता परत आली. तिच्यात आबांचा जिवाभावाचा दोस्त होता, कृष्णाकाठचा, ताकारीच्या पलीकडल्या गावचा. भरती झाल्यापासून दोघं एका ताटात जेवलेले. त्याला झोळीतून आणलं. डाव्या पायाची बोटं हिमदंशानं गेली. आबांना संचावरून काढून सकाळी खाली धाडलं, दोस्ताला दवाखान्यात नेलं, आणि नंतर दोघांची नीट भेट अशी झालीच नाही. त्याच्या घरून लग्नपत्रिका यायच्या. आबा आहेर पाठवायचे आणि जायचं टाळायचे. आम्हाला वाटायचं प्रवासाचा कंटाळा.

"माझ्या घोंगडीनं त्याचा पाय खाल्ला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य असावं, तसं ते सरळ बाहेर आलं. मला मात्र रडू आलं आणि रागही आला. एवढं ओझं घेऊन हा माणूस आमच्यात वावरला आणि आम्ही टॉवेलवरून त्याची थट्टा केली.

पण मला थापा मारून समाधान द्यायचं नव्हतं, आणि त्यांनी ते घेतलंही नसतं. आपण बघू, म्हटलं. साताऱ्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून लघुलहरींचा जुना रेडिओ आणला. लिंबापासून माळवदापर्यंत तांब्याची तार बांधली. चुलत्याकडून घोंगडी मागून आणली, हौदात बुचकळली आणि तारेवर टाकली. तार वाकली, पाणी निथळायला लागलं, आणि रेडिओवर कुठल्याशा परमुलखातली बाई न थांबता बोलतच राहिली. तिचा आवाज जरासा बसला, एवढंच.

आई म्हणाली, "घ्या. इतकी वर्सं भिजत घोंगडं ठिवलं, त्यो येक बादली पान्याचा सौदा हुता."

आबा हसले नाहीत. ते म्हणाले की हा नुसता ऐकायचा रेडिओ, माझा संच बोलायचाही. बोलताना तारेत जोर असतो, तिथं ओल बाधू शकते. हे त्यांचं बरोबर होतं. मग मी त्यांना उलटसुलट विचारलं. त्या दिवशी संच मेला होता की मुका होता? मुका, दिवा लागत होता आणि आतली घरघर चालू होती. पण आभाळातली खरखर, ती एरवी कायम असते, ती गेली होती. आवाज परत आला तो लहरींच्या सगळ्या पट्ट्यांवर एकदम आला? नाही. वरच्या पट्टीवर आधी, खालच्या पट्टीवर सगळ्यात शेवटी. ज्वालेनंतर असंच होतं. तो दाट थर खालच्या पट्ट्या जास्त गिळतो आणि उशिरा सोडतो. तार वाळण्याचा आणि पट्टीचा असा क्रम लागायचं कारण मला तरी दिसेना.

तरीही ही झाली अनुमानं. त्या दुपारी सूर्यावर काय घडलं हे आम्हाला कुठून कळणार? आबांना तारीख आठवत नव्हती, ऋतू तेवढा आठवत होता. मग मीच म्हटलं, सध्या डागांची भर आहे, ज्वाला होत राहतील. तुम्ही रोज दुपारी रेडिओ लावा. ती शांतता पुन्हा आली तर तुमचे कान ती ओळखतील.

आबांनी ते काम ड्यूटीसारखं घेतलं. दुपारचं जेवण झालं की लिंबाखाली रेडिओ, एक बैठक, एक तांब्या. मी फोन केला की आज काय काय लागलं ते सांगायचे. कुणी अरबीत गातं आणि कुणी बातम्या दिल्यासारखं भांडतं. त्यांना त्याची गोडीच लागली. सकाळी दुर्बिणीनं कॅलेंडरच्या पानावर सूर्य पाडून डाग मोजायचे, आणि एखादा सरकत सरकत काठापलीकडं गेला की मला कळवायचे, जणू गावातलं कुणी वारलंय. सूर्य फिरतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, पण फिरताना बघितला तो त्यांच्या सांगण्यावरूनच. आई कुरकुरायची की माणसांच्या दुखण्याखुपण्याला मी पुरत होते, आता सूर्याचंही आमच्याच दारात.

महिने गेले. दोन-तीन मोठ्या ज्वाला झाल्या, पण त्या आपल्याकडं रात्र असताना. त्यांचा आपल्याला काय उपयोग? ज्वालेची वाट बघणं म्हणजे आमच्या माळावर पावसाची वाट बघण्यासारखं, ढग दिसतो आणि पडतो दुसरीकडंच. मला धास्ती वाटायची की डागांची पाळी उतरणीला लागेल आणि आबा ते वाक्य तसंच मनात ठेवून जातील.

आणि एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, त्यांचा फोन आला.

"गेला," ते म्हणाले. "खरखर बी गेली. आईक."

त्यांनी फोन रेडिओपाशी धरला. मी मैदानाच्या कडेला उभी राहून कान देऊन ऐकलं. रेडिओची आतली बारीक घरघर तेवढी होती, बाकी काही नाही. मागं आई विचारत होती, रेडू मेला तर फोन कसा चालतोय. आबांनी तिला सांगितलं, त्याची लहर येगळी, ती टावरवरनं येत्या, आभाळावरनं न्हाई. मी दुसऱ्या शिक्षिकेचा फोन घेऊन बघितलं. सूर्यावर मोठी ज्वाला झाल्याची सूचना नुकतीच आली होती. उन्हाच्या बाजूला आपणच होतो.

मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी फोन रेडिओपाशी तसाच धरून ठेवला. सुट्टी संपल्याची घंटा झाली, वर्गात गोंधळ वाढला, मला जायला पाहिजे होतं, पण मी हलले नाही. खूप वेळानं बारीक खरखर ऐकू आली आणि तिच्यातून पुसटसं गाणं.

"वरच्या पट्टीवर आला," आबा म्हणाले. "खालची अजून मुकीच हाय. त्याच वाटंनं आला बग." आणि जरा थांबून, "मला गड्याकडं जायाचंय."

रविवारी आम्ही दोघं निघालो. पिशवीत मटकी आणि हुलगे, मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून. विट्याला गाडी बदलली. पुढं उसाचा हिरवा मुलूख सुरू झाला तशी आबांनी पिशवी मांडीवर घेतली. दोस्ताच्या दारात पोचलो तेव्हा तो ओसरीवर बसला होता, काठी शेजारी. आबांपेक्षा अंगानं दुप्पट. त्यानं ओळखलं, पण उठला नाही. डाव्या पायात कापड भरलेला बूट होता.

चहा झाला. आबांनी अंगणात उभं राहून, साहेबासमोर रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. तार, घोंगडी, मुका संच, उशिरा आलेला निरोप. मग सूर्याचंही सांगितलं, पिळलेलं सूत आणि त्याला पडलेली आढी, आणि गेल्या आठवड्यात स्वतःच्या कानांनी काय ऐकलं ते. शेवटी म्हणाले की घोंगडीनं केलं की सूर्यानं, हे शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पोरगीपण नाही. तुला काय वाटतं ते सांग.

दोस्तानं सुनेला हाक मारून ट्रंकेतलं ते काळं आण म्हणून सांगितलं. तिनं आणलं. जुनी काळी घोंगडी, कडेला पांढऱ्या लोकरीचे हातटाके. आबा खाली बसले आणि ते टाके बोटांनी चाचपू लागले. आजीचा हात होता तो.

"ही त्या खडकावर उनात पडल्याली," दोस्त म्हणाला. "मला झोळीतनं आनलं, तवा सायबानंच उचलून माझ्यावर टाकली. वाळून कोरडी ठाक झाल्याली. बोटं गेली गड्या, पर बाकीचा मी हिच्यात ऱ्हायलो. आन् तू येकदाबी आला न्हाईस. मी म्हनलं, घोंगडी परत दिली न्हाई म्हनून रागावला आसंल."

मग दोघंही हसायला लागले, म्हातारी माणसं खोकत खोकत हसतात तसं, आणि हसता हसता आबांनी घोंगडी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. दोस्तानं काठी टेकून उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सून आणि मी दुसरीकडं बघत उभ्या राहिलो.

जरा वेळानं दोस्त म्हणाला की ट्रंकेत वास धरलाय, न्यायची तर ऊन दाखवून ने. अंगणात सुनेनं बांधलेली कपड्यांची तार होती, धुणं घातलेली. सुनेनं हात पुढं केला, पण आबांनी घोंगडी दिली नाही. त्यांनी स्वतः दोन कपडे बाजूला सरकवून जागा केली, घोंगडी झटकली आणि तारेवर टाकली. मग ते दोघं ओसरीवर बसून ती तापायची वाट बघत राहिले.